कड्या काढलेलं घर

आमच्या घरातल्या तीन दारांच्या कड्या माझ्या नवऱ्यानं दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी काढल्या. मुलीच्या खोलीची, न्हाणीची आणि संडासाची. एकेका कडीला सहा स्क्रू, म्हणजे अठरा. हाती सतराच आले. न्हाणीच्या दाराचा एक गंजलेला होता, तो डोक्याशीच तुटला आणि त्याचं उरलेलं अंग अजून लाकडात आहे. कड्या आणि स्क्रू मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातले आणि बरणी वरच्या फळीवर ठेवली. हे चालू असताना आमची मुलगी ओसरीवर खुर्चीत बसून होती. वीस वर्षांची आहे, एकुलती. हे काय करताय म्हणून तिनं एकदाही विचारलं नाही.

नवरा सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर आहे. हातात पेचकस घेऊन तो म्हणाला, "आता आपल्या घरी कोनीबी आलं त त्याले सांगा लागन, बापा, खोकलत जाय आन् खोकलत ये." कुणी हसलं नाही. तोही नाही.

त्याच्या चार दिवस आधी तिच्या हॉस्टेलमधून फोन आला होता. ती नागपूरला शिकत होती, दुसऱ्या वर्षाला. फोन तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचा होता. "काकू, तुम्ही येऊन जा. ही अकरा दिवसांपासून वर्गात गेली नाही. काल मला म्हणाली, सकाळी जागच नाही आली तर बरं होईल."

त्या अकरा दिवसांत मी तिला रोज संध्याकाळी फोन केला होता. नंतर फोनमध्ये तपासून पाहिलं, एकही दिवस चुकला नव्हता. सगळ्यात मोठा फोन दोन मिनिटं दहा सेकंदांचा. जेवली का, हो. वर्ग झाले का, हो. झोप होते का, हो. तीन प्रश्न आणि तीन उत्तरं, आणि मी समाधानानं फोन ठेवत होते.

आम्ही तिला घेऊन आलो आणि सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, गोळ्या लिहून दिल्या आणि आम्हाला म्हणाले, "काही आठवडे हिला एकटं सोडू नका. घातक काही घरात ठेवू नका. आणि इथं समुपदेशनाला दर पंधरवड्याला या." एवढंच म्हणाले. कड्यांचं ते काही बोलले नव्हते. शेतातली औषधं आम्ही दिराकडे नेऊन ठेवली, ते बरोबरच होतं. कड्या ही माझी भर होती. हे इथं स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढं नातेवाइकांत "डॉक्टरनं सांगतलं" असंच मी सांगत आले.

मी अठरा वर्षांपासून आमच्या गावच्या अंगणवाडीची सेविका आहे. गावात मला सगळे बाई म्हणतात, म्हातारेसुद्धा. माझ्या कामातला मोठा भाग मोजण्याचा. दर महिन्याला प्रत्येक मुलाचं वजन आणि उंची घ्यायची, गरज वाटली तर दंडाला पट्टी लावून पाहायची, आणि वाढीच्या तक्त्यावर ठिपका द्यायचा. ठिपका हिरव्या पट्ट्यात असला की पुढचं मूल घ्यायचं. पिवळ्यात उतरला की त्या घरी चक्कर मारायची. लालमध्ये गेला की दवाखाना, जास्तीचा आहार आणि आठवड्याला वजन. अठरा वर्षांत माझ्याकडे लाल पट्ट्यातली नऊ मुलं आली आणि नऊही वर चढली. फुशारकी म्हणून सांगत नाही. पोरगी घरी आली तेव्हा हे आपल्याला येतं असं मला का वाटलं, ते कळावं म्हणून सांगते.

मी तिचं वजन करायला लागले. गरोदर बायांसाठी आमच्याकडे मोठ्या माणसांचा वजनकाटा असतो. तो सरकारी, म्हणून घरी आणला नाही. दर सोमवारी दोन वाजता अंगणवाडी सुटली की ती यायची, चपला काढायची, काट्यावर उभी राहायची. पहिल्या सोमवारी त्रेचाळीस किलो सहाशे ग्रॅम. मग चव्वेचाळीस शंभर. पंचेचाळीस तीनशे. सत्तेचाळीस दोनशे. वहीच्या एका पानावर मी रेघा आखल्या, तीन पट्टे रंगवले आणि ठिपके जोडले. आठव्या आठवड्यात एकोणपन्नास आठशे झालं तेव्हा मी नवऱ्याला म्हणाले, "हिरव्यात आली."

ती सुधारली, असं मी चार ठिकाणी सांगितलं. शेजारणी म्हणाल्या, भरली पोरगी. त्या आठ आठवड्यांत ती आपणहून किती वाक्यं बोलली, ते मात्र मी मोजलं नव्हतं.

ते पान मी सावंगीला नेलं. सेलूहून एसटीनं वर्धा, तिथून ऑटो. समुपदेशक बाई म्हणजे तिशीही न गाठलेली मुलगी, साधा सलवार-कुर्ता, टेबलावर पाण्याची बाटली. तिनं माझं पान खरोखर लक्ष देऊन पाहिलं.

"नोंद छान ठेवली आहे ताई. या गोळ्यांनी भूक वाढते, वजनही वाढतं. ते आम्हाला अपेक्षित होतं." मग तिनं पान माझ्याकडे सरकवलं. "आणि ती कशी आहे?"

"वाढलं ना वजन."

"ते कळलं. ती कशी आहे?"

मी मुलीकडे पाहिलं. ती जमिनीच्या फरश्यांकडे पाहत होती. "ठीक आहे," आम्ही दोघी एकदमच बोललो.

त्या बाईनं मुलीला एक वही दिली. दिवसातून तीन वेळा लिहायचं. काय घडलं ते नाही, काय वाटलं ते, आणि ते अंगात कुठं जाणवलं ते. तिच्या मते या वयातल्या पुष्कळ मुलांना आत काय चाललंय त्याला नावच देता येत नाही. नाव नसलं की ते कुणाला सांगताही येत नाही, आणि सांगता आलं नाही की ते आतल्या आत वाढतं. हे पटण्यासारखं होतं. पण मग तिनं दुसरी वही काढून माझ्यापुढे ठेवली.

"मले कायले?" मी म्हणाले. बाहेर मी शुद्ध बोलते, पण रागावले की घरचं बोलणं तोंडात येतं. "आजारी ती आहे."

"औषध नाहीये ताई, वही आहे. तुम्हाला लिहायची सवय आहे, तुम्हाला सोपं जाईल."

सोपं गेलं नाही. माझ्या वहीची पहिली पानं आजही माझ्याकडे आहेत. सकाळ : लक्ष ठेवलं. दुपार : गोळी वेळेवर दिली. संध्याकाळ : ठीक. पुढच्या दिवशी सकाळ : लक्ष ठेवलं. असे चौदा दिवस. बेचाळीस नोंदी, आणि त्यात वाटण्याची एकही नाही. तेव्हा ते मला दिसलं नाही. उलट एकही रकाना रिकामा नाही म्हणून मला बरं वाटलं.

घरात मात्र आम्ही तिघंही कोंडलेले होतो. कड्या नसल्यामुळे घर मोकळं होईल असं कुणाला वाटेल. झालं उलटंच. दार नुसतं लोटलेलं असलं की आतल्या माणसाला सतत दाराकडे पाहावं लागतं. नवरा संडासात पाय दाराला टेकवून बसायचा. मी साडी बदलताना पाठ दाराला लावायची. मुलगी तर खोलीत गेली तरी दार लोटत नव्हती. म्हणायची, कशाला, तू ढकलशीलच. मी तिच्या खाटेला लावून गादी टाकली होती. दुपारी अंगणवाडीच्या वेळात नवऱ्याची म्हातारी आत्या येऊन तिच्यापुढं तांदूळ निवडत बसायची. संडास सोडला तर अडीच महिन्यांत ती एकटी अशी एकाच जागी असायची, आंघोळीला. आणि तिथंही माझा एक नियम होता.

न्हाणीत गेल्यावर तिनं मगानं बादलीवर टकटक करत राहायचं. पाणी घेताना आवाज होतोच, पण साबण लावताना होत नाही. तेव्हाही अधूनमधून दोनदा टक्, टक्. म्हणजे मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असले तरी मला कळेल. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बरं." आणि रोज करायची. टक्, टक्. दोन टकटकींमध्ये मी मोजायची. साधारण वीस ते तीस आकडे. चाळीसच्या पुढं गेलं की माझं लाटणं थांबायचं.

संक्रांतीनंतरच्या एका सकाळी मी साठपर्यंत मोजलं. मग ऐंशी. पाण्याचा आवाज नाही, मगाचा नाही. तव्यावरची पोळी तशीच टाकून मी धावले आणि दार ढकललं. ती पाटावर बसलेली होती. डोक्याला फेस, हात गुडघ्यांभोवती, मग बाजूला उपडा. तिनं अंग झाकलं नाही, दचकलीही नाही. मान वर करून हळू आवाजात म्हणाली, "बाई, मी आत आहे."

मी दार ओढून घेतलं. पोळी जळाल्याचा वास घरभर पसरला होता. नवरा ओरडला, "काय झालं व?" मी म्हणाले, काही नाही.

आमच्या घरात ती मला आईच म्हणते. बाई ती मला शेवटची म्हणाली त्याला चौदा वर्षं झाली असतील. ते कसं, ते सांगायला हवं.

मला सेविकेची जागा मिळाली तेव्हा गावातून अकरा अर्ज होते. दहा घरांचे डोळे माझ्यावर. शेजारच्या गावात एका सेविकेबद्दल बोलणं झालं होतं की आपल्या लेकराला दोन अंडी देते आणि लोकांच्या लेकरांना अर्धं. खरं-खोटं देव जाणे, पण ते माझ्या कानावर होतं. माझी मुलगी तीन वर्षांची झाली आणि माझ्याच अंगणवाडीत आली. गावात दुसरी नव्हती. मी ठरवलं, कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. हजेरीत तिचं नाव सगळ्यात शेवटी. खिचडी सगळ्यांना वाढून झाली की तिला. अंडी लहानमोठी असत, उरलेलं तिचं. पडली तर उचलायचं नाही, दुसऱ्या मुलांसारखं "ऊठ, झाडून घे" म्हणायचं. मांडीवर बसायला यायची, तर हात धरून परत रांगेत बसवायची. आणि तिथं मला आई म्हणायचं नाही, सगळ्यांसारखं बाई म्हणायचं. दहा ते दोन बाई, दोननंतर आई.

ती फार लवकर शिकली. पंधरा दिवसांत. पर्यवेक्षिका आली तेव्हा तिनं माझं कौतुक केलं की कोणतं लेकरू तुमचं ते ओळखूच येत नाही. हे वाक्य मी कित्येक वर्षं लोकांना सांगत आले.

त्या दिवशी अंगणवाडीत गेल्यावर मी मदतनीस मावशीला न्हाणीतली गोष्ट सांगितली. ती माझ्याआधीपासून तिथं आहे, आता साठीला आली. चूल, भांडी, लेकरांची नाकं, सगळं तिच्याकडे. ती मटकी निवडत होती. ऐकून तिचे हात थांबले नाहीत.

"म्हनन नाई त काय करन? तुमीच त शिकवलं."

"ते अंगणवाडीपुरतं होतं."

"हाव. लेकराले कारेक्षेत्र समजते ना." मावशीला बैठकांत ऐकलेले शब्द वेळ आली की असे फेकायला आवडतात. "एक सांगू का? राग मानजो नका."

"सांगा."

"थे रोज मुतायच्या निमतानं मागं ये माह्याकडे. चुलीजवळ. मी तिले पदराखाली घेवो. दोन मिनिटं चुपचाप राहे, मंग आपली आपनच उठे आन् चालली जाय रांगेत. तुमाले मी काई बोलली नाई. तुमाले वाटलं असतं, मी वशिला करून राह्यली."

"मावशी, वशिला कायचा? ती पोरगी होती माझी."

"आता म्हनता!" मावशी म्हणाली, आणि मटकीतला खडा दारातून बाहेर फेकला. "तवा म्हनलं असतं त मी माह्या हातानं उचलून दिली नसती का तुमच्या मांडीवर?"

मी रजिस्टर उघडून बसले. त्या दिवशी एकवीस मुलं हजर होती, मी बावीस लिहिली आणि मग खोडलं. माझ्या रजिस्टरात खाडाखोड नसते. एक तीन वर्षांची मुलगी दाराशी उभी राहून रडत होती, नवीन होती. तिला जवळ घ्यावं की रांगेत बसवावं हे मला क्षणभर कळेना. इतक्या वर्षांत मी लोकांची लेकरं घेतली आहेत, खूप घेतली आहेत. नियम फक्त एकाच लेकरासाठी होता.

पुढच्या वेळी सावंगीला गेलो तेव्हा मी माझी वही टेबलावर ठेवली. समुपदेशक बाईनं पानं उलटली आणि म्हणाली, "ताई, ही सगळी कामं झाली. तुम्हाला काय वाटलं ते कुठं आहे?"

"ठीक वाटलं."

"त्या सकाळी न्हाणीपुढे?" मुलीनं तिच्या वहीत ते लिहिलं होतं. मला माहीत नव्हतं. "दार ढकलायच्या आधी अंगात काय झालं?"

मी आठवून सांगितलं, कारण खरं सांगायचं ठरवूनच गेले होते. हात थंड पडले. लाटणं हातातच होतं, ते दारापर्यंत गेल्यावर लक्षात आलं. ऐंशीनंतर आकडे आठवेनात.

"याला तुम्ही काय म्हणाल?"

"काळजी."

"भीती म्हणतात त्याले," मुलगी म्हणाली. माझ्याकडे न पाहता.

मी म्हणाले, भीती नाही, मी घाबरणारी बाई नाही. अतितीव्र कुपोषित लेकरू हातात धरून मी पावसात ट्रॅक्टरवर बसून दवाखान्यात गेले आहे. मी बरंच बोलले. दोघी ऐकत राहिल्या. बोलता बोलता मलाच ऐकू आलं की मी एका साध्या शब्दाला किती धक्के मारते आहे, जसं न्हाणीचं दार. मग मी थांबले.

समुपदेशक बाईनं मुलीला विचारलं, "आणि तुला त्या वेळी काय वाटत होतं?"

"रडू येत होतं." मग ती म्हणाली, "मॅडम, मला रडू आलं की मी आधी घड्याळ पाहते. पहिल्यापासून. दोन वाजेपर्यंत थांबायचं असतं असं वाटते. मग कुणाला हाक मारायची." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "हॉस्टेलला दोन वाजतच नव्हते."

मला सांगावंसं वाटलं की माझं रजिस्टर बघा, कुणाही आईला विचारा, अठरा वर्षांत एक अंडं इकडचं तिकडं नाही. आणि मी तसं सांगितलंही, अर्धं. "मी फक्त कुणावर अन्याय नको म्हणून..."

"माहीत आहे मला," मुलगी म्हणाली. "म्हणून तर रागावताही येत नाही तुझ्यावर."

या वाक्यातून कुठून निघावं ते मला आजही सापडलेलं नाही. वाईट वागले असते तर माफी मागता आली असती. मी नियमानं वागले होते, आणि त्या नियमात ती अडकली होती, आणि आता तिच्यापाठोपाठ मी. समुपदेशक बाई म्हणाली की लहान मूल सगळ्यात आधी हे शिकतं की भ्यायलं की धावायचं कुणाकडे, आणि धावलं की काय मिळतं. ते पुढं कॉलेजात, हॉस्टेलात सगळीकडे सोबत जातं. पण वीस वर्षांचं माणूस नव्यानंही शिकू शकतं, आणि तिची आईसुद्धा, असंही ती म्हणाली. हे ती सवयीनं म्हणाली की आमच्यासाठी, ते मला सांगता येणार नाही.

मग तिनं मुलीला विचारलं, आत्ता घरात एक गोष्ट बदलायची तर कोणती?

"न्हाणीची कडी."

"कोणती कडी?" तिला माहीतच नव्हतं. सांगावं लागलं. तीन दारं, तीन कड्या, मगाची टकटक. मी सांगितलं. मोजण्याचंही सांगितलं. ती मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी आम्ही डॉक्टरांना भेटलो. त्यांनी मुलीला बाहेर न पाठवता तिच्यासमोरच सगळं विचारलं, मरणाच्या विचारांबद्दलसुद्धा, आणि तिनं उत्तरं दिली. विचार कमी झालेत, गेले नाहीत. आला तर सांगेन. कुणाला? डॉक्टरांनी विचारलं. तिनं मैत्रिणीचं नाव घेतलं, मग मावशीचं, मग थोड्या वेळानं माझं. मी तिसरी. लिहून ठेवते. डॉक्टर म्हणाले, एक कडी लावा, पण गरज पडली तर बाहेरून उघडता येईल अशी, आणि हिला माहीत असू द्या. बाकीचं पुढं पाहू. गोळ्या चालू ठेवायच्या. वजन महिन्यातून एकदा पुरे, आणि ते इथंच.

पुढच्या रविवारी नवऱ्यानं बरणी खाली काढली. तुटलेला स्क्रू लाकडात असल्यामुळे जुन्या जागी कडी बसेना. त्यानं चार बोटं खाली नवी भोकं पाडली आणि दाराच्या फटीतून पट्टी घालून बाहेरून कडी सरकवता येईल एवढी खाच कानशीनं घासली. मुलीला बोलावून त्यानं बाहेरून उघडून दाखवलं.

"पाह्य. हे असं होते. आमी उगाच करनार नाई."

"आई करन," ती म्हणाली.

"तुह्या मायच्या हाती पट्टी देतच नाई मी. माह्या खिशात राह्यते."

ती हसली. फार नाही. नवऱ्यानं पेचकस तिच्याकडे दिला आणि शेवटचा स्क्रू तिनं पिळला. सहा स्क्रू लागले. अकरा बरणीत उरले, दोन कड्यांसह. ती बरणी परत वरच्या फळीवर गेली. तिची खोली आणि संडास अजून तसेच आहेत. ती कॉलेजात परत गेलेली नाही. हे वर्ष गेलंच म्हणायचं.

तिनं टॉवेल घेतला, आत गेली आणि दार लावलं. कडीचा आवाज आला. अडीच महिन्यांनी आमच्या घरात कुठलंतरी दार आतून बंद झालं. मी बाहेर भिंतीला टेकून उभी होते. आत काहीच आवाज नव्हता. मगाचा नाही, बादलीचा नाही. माझे हात थंड पडायला लागले. त्याला काय म्हणायचं ते आता मला माहीत होतं, आणि माहीत असून ते कमी झालं नाही.

"पोरी," मी दाराला म्हणाले, "मले भेव वाटून राह्यलं."

मग आतून आवाज आला, "तिथंच उभी आहेस का?"

"हो."

"राह्य मग. पण मोजू नको."

मी मोजलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. उभ्या जागी मोजत होते. दोनशेच्या पुढं ती आत रडायला लागली. जोरात नाही, पण लपवूनही नाही. मी दाराला हात लावला. ढकललं नाही, ढकलूनही उघडलं नसतं. सकाळचे पावणेअकरा झाले होते. तिच्याकडे आत घड्याळ नव्हतं.

"आई," ती आतून म्हणाली.

"आहे," मी म्हणाले. आणि कितीवर होते ते मला आठवेना.